गायनशाळेतून निघालेला वाद्यमेळ

1911 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मंदिरात इनायत खाँ वीणा घेऊन बसले. सोबतचे साथीदार घरचेच होते, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ. त्याच शहरात चोपन्न वर्षांनी, 16 सप्टेंबर 1965 रोजी, ड्यूक एलिंग्टन आपला जाझ वाद्यवृंद घेऊन ग्रेस कॅथीड्रलमध्ये शिरले आणि पियानोवर बसले. नाचघरांत आणि क्लबांत वाढलेलं संगीत देवाच्या दारात आणल्याबद्दल तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. एलिंग्टन यांचे ते 'सेक्रेड कॉन्सर्ट' जाझच्या इतिहासात ठळक अक्षरांत आहेत. इनायत खाँच्या मैफलीला तेवढी जागा कुणी दिली नाही. दोन्ही वेळा घडलं मात्र एकच: संगीत आपली नेहमीची खोली सोडून दुसऱ्या खोलीत गेलं. इनायत खाँ ज्या शहरातून आले होते, त्या बडोद्यात हे त्याआधी पंचवीस वर्षं चालू होतं.

सूरसागर तलावाच्या समोर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी आहे. संध्याकाळी रस्त्यावरच्या रिक्षांचा गलका थोडा ओसरला की आतून तबल्याचे बोल ऐकू येतात. जुने बडोदेकर अजूनही तिला 'म्युझिक कॉलेज' म्हणतात. तिचं मूळ नाव गायनशाळा. 1886 च्या फेब्रुवारीत उस्ताद मौलाबक्षांनी ती सुरू केली. पलुसकरांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय 1901 चं, म्हणजे ही शाळा त्याहून पंधरा वर्षांनी मोठी. मराठीत लिहिलेल्या संगीताच्या इतिहासात पलुसकर आणि भातखंडे यांच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि मौलाबक्षांच्या वाट्याला एखादी ओळ येते. त्या दोघांची थोरवी मी मानतो, पण हा हिशेब मला कधी पटला नाही.

मौलाबक्षांचा जन्म 1833 चा, मूळ नाव चोले खाँ. उत्तरेतल्या या गवयानं म्हैसूरला जाऊन कर्नाटक संगीत शिकून घेतलं. त्या काळी उत्तरेच्या खाँसाहेबानं दक्षिणेत शिष्य म्हणून बसायचं ही लहान गोष्ट नव्हती. तिकडून ते वीणा घेऊन आले आणि एक खात्री घेऊन आले, की गाणं शास्त्रात मांडता येतं, शिकवता येतं आणि लिहिताही येतं. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली. घराण्याची चीज मुलाला किंवा जावयालाच देण्याच्या काळात एका उस्तादानं ती कागदावर उतरवली. कागद कुणाच्याही हाती पडू शकतो, हे त्यांना कळत नसेल असं कसं म्हणायचं? कळत होतं, म्हणूनच त्यांनी ते केलं.

त्यांना योग्य धनी मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले महाराजा सयाजीराव 1881 मध्ये कारभार हाती घेऊन बसले होते. शाळा, वाचनालयं, रस्ते यांच्याकडे ज्या नजरेनं ते पाहत, त्याच नजरेनं गाण्याकडेही पाहत. गवई, बीनकार, तंजावरहून आलेल्या नर्तकी हे सगळे दरबारच्या 'कलावंत कारखान्या'त पगारी होते. एकोणिसावं शतक संपायच्या आत त्यांच्यासाठी छापील नियमही झाले. कलावंताला हजेरी आणि वेळेचं बंधन घालणं आज कुणाला रुक्ष वाटेल. पण त्याच कारभारात गायनशाळा निघाली आणि सामान्य घरातल्या मुलाला उस्तादाच्या मर्जीवाचून सरगम शिकता आली. शाळेची पुस्तकं निघाली, त्यांत स्वरलिपीत बसवलेले गरबे होते आणि 'नरसिंह मेहतानुं मामेरुं'ही होतं. दरबारी ध्रुपदाच्या शेजारी नवरात्रातला गरबा त्याच चिन्हांत लिहिलेला! त्या पुस्तकांत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मौलाबक्ष 1896 मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन, म्हणजे डॉ. ए. एम. पठाण, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले. बडोद्याच्या याकुतपुऱ्यातल्या त्यांच्या एकाच घरात मग वीणा, ध्रुपद आणि युरोपीय स्वरलेखन नांदू लागलं. पुढे फ्रेडलिस हे युरोपीय बँडमास्तर राज्याच्या संगीताचे प्रमुख झाले आणि त्यांनी भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला. आपल्याकडे एकाच वेळी अनेक वाद्यं वाजतात ती सहसा एका गायकाच्या मागे. पंचवीस जणांनी समोर कागद ठेवून एकत्र वाजवायचं, कुणी कधी थांबायचं हे आधी ठरवायचं, ही सवय इथल्या वादकांना नवी होती. कागदावर न बसणारं बरंच काही त्यात गळून गेलं असणार. मींड आणि आंदोलन चिन्हांत पकडणं आजही जड जातं.

गळ्यातला सूर आणि ठरवून बांधलेला सूर यांचा हा वाद मार्च 1916 मध्ये बडोद्यातच उघड झाला. सयाजीरावांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली. साताऱ्याला न्यायाधीश राहिलेले क्लेमंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तिथे श्रुतींची हार्मोनियम मांडली. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सूर असतात आणि तेही सारख्या अंतरावर बसवलेले. गवयाचा गंधार किंवा धैवत त्यात नेमका सापडत नाही. म्हणून बावीस श्रुती देणारी पेटी करायची, अशी ही कल्पना. देवलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं तारांची मोजमापं घेतली होती, तीही सरकारी नोकरी सांभाळून. परिषदेत झाकिरुद्दीन खाँ आणि अल्लाबंदे खाँ या ध्रुपदियांचा गळा आणि पेटीचे सूर जुळले नाहीत. या पेटीला विरोध असलेल्या भातखंड्यांच्या बाजूनं निकाल लागला असं बहुतेकांनी धरलं. देवलांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे आणि त्या दोन गवयांच्या कानाबद्दल त्याहून जास्त. गळा आणि पट्टी यांतली ओढाताण जगातल्या प्रत्येक वाद्यवृंदाला सोसावी लागते. जाझमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा दोन पट्ट्यांमधला सूर ओढून काढतो, मागचा पियानोवाला मात्र आपल्या ठरलेल्या पट्ट्यांवरच असतो.

इनायत खाँ हे मौलाबक्षांचे नातू, मुलीचा मुलगा. जन्म 5 जुलै 1882, बडोद्याचा. लहानपणी त्यांनी दरबारात गणपतीचं संस्कृत स्तोत्र गायलं आणि महाराजांनी गळ्यात कंठा घातला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. गायनशाळेत शिकून ते तिथेच शिक्षक झाले आणि हार्मोनियम नि फिडल शिकवणारी पुस्तकं त्यांनी लिहिली. 1909 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. 13 सप्टेंबर 1910 रोजी भाऊ मेहबूब खाँ आणि चुलतभाऊ मोहम्मद अली खाँ यांच्यासह ते मुंबईहून अमेरिकेला निघाले. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान' हे त्यांच्या मेळाचं नाव. पोटासाठी रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यात ते वाजवत. ज्या प्रेक्षकांना नाच पाहायचा असे, त्यांच्यापुढे राग मांडायचा. हे त्यांना फार जड गेलं. 1913 मध्ये पॅरिसला त्यांची संगीतकार देब्युसीशी भेट झाली. पुढे सूफी उपदेशाच्या कामापायी त्यांनी मैफल सोडून दिली, वीणाही बाजूला ठेवली. 1927 मध्ये दिल्लीत ते गेले.

गाणं मात्र घरातून गेलं नाही. मेहबूब खाँ युरोपातच राहिले आणि रागांच्या चालींना पियानोची साथ जोडून गीतं रचू लागले. इनायत खाँची मुलगी नूर पॅरिसमध्ये संगीत शिकली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून ती फ्रान्समध्ये उतरली आणि सप्टेंबर 1944 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिचा धाकटा भाऊ हिदायत, जन्म लंडनचा, 1917 चा. नादिया बुलान्जे यांच्याकडे शिकून तो पाश्चात्त्य पद्धतीचा संगीतकार झाला. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं हॉलंडमध्ये युनेस्कोचा खास कार्यक्रम झाला, त्यात त्याची 'गांधी सिम्फनी' वाजली. मौलाबक्षांचा पणतू पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहितो आणि ते भारतातल्या एका माणसाच्या स्मरणार्थ वाजतं. गायनशाळा निघाल्याला तेव्हा त्र्याऐंशी वर्षं झाली होती.

इकडे बडोद्यात, 1949 मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा शाळा त्यात गेली. दरबारचे गवई फैयाझ खाँ 1950 मध्ये याच शहरात गेले आणि इथेच त्यांची कबर आहे. गायनशाळेशी संबंध नसलेली पण याच दरबारातून निघालेली एक वाट मराठी घरांत पोहोचली. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने बडोदं सोडून गेले आणि त्यांच्या मुलीनं आडनाव म्हणून गावच लावलं: हिराबाई बडोदेकर.

इनायत खाँच्या 1909 च्या मुद्रिका आता पुन्हा काढल्या गेल्या आहेत, त्या कुणालाही ऐकता येतात. सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आवाज, प्रत्येक चीज तीनेक मिनिटांत आटपलेली. खरखरीतून तान स्पष्ट येते, आणि ती संपायच्या आत तबकडीच संपते.