लोकाधिकाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी आणि घटनात्मक हक्कांची मर्यादा : केंटकीतील विवाह-परवाना प्रकरण

प्रास्ताविक

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ओबर्गेफेल विरुद्ध हॉजेस’ या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. न्या. अँथनी केनेडी यांच्या निकालपत्राने हा हक्क चौदाव्या घटनादुरुस्तीतील विधियुक्त प्रक्रिया आणि कायद्याचे समान संरक्षण या दोन तत्त्वांवर उभा केला. परंतु हक्काची घोषणा राजधानीत होत असली तरी त्याची पूर्तता गावच्या कचेरीच्या खिडकीवरच होत असते. खिडकीमागे बसलेल्या अधिकाऱ्यानेच स्वतःच्या धर्मस्वातंत्र्याच्या आधारे ती बंद केली तर काय, हा प्रश्न केंटकी राज्यातील रोवन काउंटीत काही दिवसांतच उपस्थित झाला. त्याचा न्यायालयीन शेवट होण्यास दहा वर्षे लागली.

प्रकरणाची हकीकत

काउंटी क्लार्क म्हणजे आपल्याकडील लिपिक नव्हे. केंटकीत ते मतदारांनी निवडून दिलेले पद आहे. वरिष्ठ अधिकारी क्लार्कला निलंबित करू शकत नाही. किम डेव्हिस २०१४ च्या निवडणुकीत विजयी होऊन जानेवारी २०१५ मध्ये या पदावर आल्या. त्यांच्यापूर्वी हे पद अनेक वर्षे त्यांच्या मातोश्रींकडे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डेव्हिस यांनी समलिंगी आणि भिन्नलिंगी अशा सर्वच जोडप्यांना विवाह-परवाने देणे थांबविले. परवान्यावर क्लार्कचे नाव छापले जाते. आपल्या श्रद्धेला अमान्य असलेल्या विवाहावर आपले नाव येणे म्हणजे त्यास संमती देणे होय, असे त्यांचे म्हणणे होते.

चार जोडपी न्यायालयात गेली. त्यांतील दोन भिन्नलिंगी होती, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १२ ऑगस्ट २०१५ रोजी फेडरल जिल्हा न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी डेव्हिस यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. परवान्यात क्लार्क केवळ जोडप्याची कायदेशीर पात्रता प्रमाणित करतो, विवाहाला नैतिक संमती देत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जोडप्यांनी शेजारच्या काउंटीत जावे, हा युक्तिवादही त्यांनी नाकारला. वरिष्ठ न्यायालयांनी स्थगिती दिली नाही. तरीही परवाने मिळेनात, तेव्हा ३ सप्टेंबर रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल डेव्हिस यांची रवानगी तुरुंगात झाली. दंड आकारला असता तर तो समर्थकांनीच भरला असता, असे न्यायाधीशांचे मत होते. सहापैकी पाच उपक्लार्कांनी परवाने देण्याची तयारी दर्शविली आणि दुसऱ्याच दिवशी खिडकी उघडली. ८ सप्टेंबर रोजी उपक्लार्कांच्या कामात अडथळा न आणण्याच्या अटीवर डेव्हिस यांची सुटका झाली.

हक्क व्यक्तीचा की पदाचा?

या प्रकरणाचे मर्म उपक्लार्कांच्या तपशिलात आहे. डेव्हिस यांनी केवळ स्वतः सही करण्यास नकार दिला असता तर तो व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न ठरला असता व त्यावर सहानुभूतीने विचार करता आला असता. त्यांनी मात्र संपूर्ण कचेरीला परवाने देण्यापासून रोखले. अशी मनाई करण्याचे सामर्थ्य त्यांच्या श्रद्धेत नव्हते, ते पदात होते. पहिली घटनादुरुस्ती नागरिकाला शासनापासून संरक्षण देते. शासनाची सत्ता हाती घेऊन दुसऱ्या नागरिकाला अडविण्याचा अधिकार ती देत नाही.

हाच मुद्दा पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात निर्णायक ठरला. परवाना नाकारल्या गेलेल्या एका जोडप्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने प्रत्येकी ५० हजार डॉलर मंजूर केले. या दाव्यात डेव्हिस यांनी पदामुळे मिळणारे कायदेशीर संरक्षण मागून पाहिले आणि व्यक्ती म्हणून धर्मस्वातंत्र्याचा बचावही घेतला. पदाची ढाल आणि व्यक्तीची ढाल एकाच हातात धरण्याचा हा प्रयत्न होता. मार्च २०२५ मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले की परवाना नाकारणे ही राज्याची कृती होती आणि तिला पहिल्या घटनादुरुस्तीचे संरक्षण नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण विचारार्थ घेण्यास नकार दिला.

येथे भारतीय अभ्यासकाला एक फरक जाणवतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. मर्यादा मूळ शब्दांतच आहे. अमेरिकन संहितेत असे शब्द नसल्याने ती मर्यादा न्यायालयांना प्रकरणागणिक आखावी लागते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या ‘सुप्रियो’ निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता दिली नाही, त्यामुळे विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाह अधिकाऱ्यापुढे हा पेच आलेला नाही.

सवलतीचे मार्ग

अधिकाऱ्याच्या श्रद्धेला कोठेच जागा नसावी, असा मात्र याचा अर्थ होत नाही. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये विवाह आयुक्तांना धार्मिक कारणावरून नकाराची मुभा देणारी प्रस्तावित विधेयके घटनाबाह्य ठरविली. पण जोडप्याने मध्यवर्ती कार्यालयाकडे अर्ज करावा व कार्यालयाने आतल्या आत आयुक्त नेमून द्यावा, अशा पर्यायाची शक्यता खुली ठेवली. अर्जदाराला तोंडावर नकार ऐकावा लागतो की नाही, हा येथे कळीचा मुद्दा आहे. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या सिव्हिल युनियन अधिनियमात शासकीय विवाह अधिकाऱ्यांना अशी सूट दिली होती. ती २०२० मध्ये रद्द करण्यात आली. नॉर्थ कॅरोलायनाने २०१५ मध्ये निराळी वाट काढली : ज्या दंडाधिकाऱ्याला आक्षेप असेल त्याने किमान सहा महिने कोणताच विवाह लावू नये. ही तडजोड वरकरणी समतोल दिसते, परंतु छोट्या गावात एकच दंडाधिकारी असेल तर तिचा भार शेवटी नागरिकावरच पडतो.

केंटकीपुरता तोडगा आश्चर्य वाटावे इतका साधा निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये नवे राज्यपाल मॅट बेव्हिन यांनी आदेश काढून परवान्यावरून क्लार्कचे नाव वगळले आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सर्व जोडप्यांसाठी एकच नमुना मंजूर केला. हे जुलै २०१५ मध्येच झाले असते तर कदाचित तुरुंगवासाची वेळ आली नसती. मूळ दाव्यातील जोडप्यांच्या वकिलांचे सुमारे २ लाख २५ हजार डॉलरचे शुल्क २०१७ मध्ये न्यायालयाने केंटकी राज्यावर बसविले. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत रोवन काउंटीच्या मतदारांनी डेव्हिस यांना पुन्हा निवडून दिले नाही.