शिंपल्यांत दडलेलें शेवाळ

जपानी लोकांच्या भोजनांत 'नोरी' नांवाचा कागदासारखा पातळ, काळसर पदार्थ असतो. भाताचे गोळे त्यांत गुंडाळून खातात. पॉर्फिराच्या कुळांतील तांबड्या समुद्रशेवाळाचीं पानें लगदा करून वाळविलीं, म्हणजे नोरी तयार होते. हें शेवाळ हिवाळ्यांत उथळ समुद्रांत वाढतें आणि उन्हाळा आला कीं दिसेनासें होतें. तेथील कोळी समुद्रांत बांबू व झाडांच्या फांद्या रोवून त्याची वाट पाहत. परंतु त्याचें बीज येतें कोठून, हें कोणासच ठाऊक नव्हतें. एखाद्या वर्षीं पीक उदंड येई, एखाद्या वर्षीं सारे श्रम वायां जात. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तें फारच खालावलें.

या कोड्याचा उलगडा झाला तो इंग्लंडांत. मँचेस्टर येथील वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटनच्या किनाऱ्यावरील 'पॉर्फिरा अंबिलिकॅलिस' या जातीचा अभ्यास करीत होत्या. विवाहित स्त्रीस अध्यापकपद न देण्याच्या तत्कालीन रिवाजामुळें १९२८ सालीं विवाहानंतर त्यांस नोकरीस मुकावें लागलें होतें. तथापि संशोधन त्यांनीं सोडलें नाहीं. या शेवाळाचे बीजकण त्यांनीं शिंपल्यांच्या सान्निध्यांत ठेविले, तेव्हां ते कवचांत शिरले आणि गुलाबी सूक्ष्म तंतूंच्या रूपानें वाढूं लागले. नवल हें, कीं या तंतूंस १८९२ सालापासून 'कॉन्कोसेलिस रोझिया' नांवाची निराळीच वनस्पति मानलें जात होतें! खडकावरचें पान आणि शिंपल्यांतला तंतु या एकाच जीवाच्या दोन अवस्था होत, हें ड्रू-बेकर यांनीं १९४९ सालीं 'नेचर' नियतकालिकांतून जाहीर केलें.

नोरीहि आपला उन्हाळा शिंपल्यांतच काढते, हें जपानी शास्त्रज्ञांनीं यावरून ओळखलें. हौदांत शिंपले मांडून त्यांत तंतु वाढवावयाचे आणि शरद् ऋतूंत पाणी थंडावल्यावर सुटणारे बीजकण जाळ्यांवर धरावयाचे, अशी रीत त्यांनीं बसविली. दैवाधीन पीक माणसाच्या आटोक्यांत आलें.

ड्रू-बेकर १९५७ सालीं निवर्तल्या. जपानला त्या कधींच गेल्या नाहींत. परंतु आरिआके समुद्राकांठीं उतो येथें १९६३ सालीं त्यांचें स्मारक उभारलें गेलें आणि दरवर्षीं १४ एप्रिलला तेथें त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण केलें जातें.

कोकणच्या व गोव्याच्या खडकांवरहि याच कुळांतील एक शेवाळ पावसाळ्यांत उगवतें आणि पाऊस सरला कीं नाहींसें होतें. तें पाहावयास जाणाऱ्यानें पायाखालचा शिंपलाहि एकवार उचलून निरखावा.