जुन्या जीपगाडीतील पाण्याची गळती : शोध आणि उपाय

उमरी परिसरातील शेतकऱ्याच्या दारात जुनी जीप किंवा जुनी मोटार उभी असली, तर ती केवळ माणसांच्या प्रवासासाठी नसते. बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती, फवारणीचे पंप, दुधाचे कॅन असे सर्व ओझे ती वाहते. घरात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडल्यास भोकर, धर्माबाद किंवा नांदेडच्या वाटेला तीच लागते. अशा वेळी इंजिन तापून गाडी वाटेत बंद पडली, तर होणारी हानी केवळ पैशांत मोजता येत नाही. इंजिन तापण्याचे मूळ शोधू गेल्यास पुष्कळदा हाती लागते ते एखादे अल्प किमतीचे रबरी कडे किंवा कागदाची झिजलेली गॅस्केट.

“जुनी गाडी पाणी पिणारच,” असे म्हणून रोज सकाळी रेडिएटरात लोटाभर पाणी ओतण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ही समजूत चुकीची आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी बंदिस्त मार्गाने फिरत असते. बैल जसा पाणी पितो तसे इंजिन ते पीत नाही. पाणी कमी झाले असेल तर ते कोठून तरी बाहेर गेले आहे, अथवा इंजिनाच्या पोटात शिरले आहे. वर ओतलेल्या पाण्याने ही वाट बुजत नाही. ती दिवसेंदिवस रुंदावते. शिवाय विहिरीच्या किंवा बोअरच्या प्रत्येक लोट्याबरोबर नवे क्षार आत जातात आणि त्यांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते आटतेही.

जुन्या गाड्यांची परंपरा

महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजनेचा आरंभ झाला, आणि पुढील काळात विकास गटाच्या कचेरीची जीप खेडोपाडी परिचयाची झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट मोटारी मुंबईत कुर्ल्याला तयार होत. त्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. ॲम्बॅसॅडर मोटारही २०१४ नंतर निघालेली नाही. तथापि काळजीने सांभाळलेल्या अशा गाड्या अद्यापि चालतात. त्यांचे मूळ सुटे भाग सर्वत्र मिळत नाहीत. म्हणून जुन्या भागाचे माप घेऊन तंतोतंत जुळणारा नवा भाग निवडण्याचे ज्ञान मालकाला असणे अगत्याचे आहे.

पाण्याचा मार्ग

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंपाने ढकललेले पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून वर हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅटच्या झडपेतून रेडिएटरात येते आणि तेथे वाऱ्याने निवून पुन्हा पंपाकडे जाते. रेडिएटरचे झाकण हे पाणी दाबाखाली ठेवते. झाकण दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे असेल, तर साधे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ११० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाची रबरी चकती फाटली की हा लाभ नाहीसा होतो आणि मे महिन्याच्या उन्हात चढावर पाणी उकळून वाया जाते. यास्तव प्रथम तपासावयाचा भाग म्हणजे हे झाकणच होय.

लहान सांधे कोठे असतात?

पाण्याच्या मार्गात जेथे दोन भाग जुळतात तेथे सांधा बंद ठेवणारी वस्तू असते. थर्मोस्टॅटच्या घराखाली कागदी गॅस्केट असते. धातूची नळी जेथे दुसऱ्या भागात शिरते, तेथे काही इंजिनांत रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, बसवलेले असते. पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर सील असते. होज पाइपांच्या टोकांना पट्ट्या असतात, आणि रेडिएटरच्या तळाच्या तोटीला वॉशर असतो. ब्लॉकच्या बाजूस पातळ पत्र्याच्या वाटीसारखे कोअर प्लग ठोकलेले असतात. ते आतून गंजत जातात व एके दिवशी सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पाझरू लागतात. काही डिझेल इंजिनांत व ट्रॅक्टरांत लायनरच्या तळाशी रबरी कडी असतात. ती खराब झाली की पाणी बाहेर न दिसता थेट तेलात उतरते.

रबरी कड्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेले यंत्रज्ञ नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ साली अशा कड्याचे पेटंट मिळाले. खोबणीत दाबले गेलेले रबर परत फुगू पाहते आणि त्या जोराने फट बुजवते. उष्णतेने व वयाने रबर कडक झाले की हा उसळण्याचा गुण नष्ट होतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या दिवसाच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी ताठरली व सांधा बंद राखू शकली नाहीत, असे चौकशीत सिद्ध झाले. जुन्या जीपचे कडे लहान असले तरी त्याचा धर्म तोच. म्हणूनच काही गाड्या हिवाळ्याच्या पहाटे गळतात आणि इंजिन तापल्यावर कोरड्या दिसतात. अशा गाडीचा मालक दुपारी तपासणी करून निश्चिंत होतो व फसतो.

गळतीचा शोध

शोधाचे काम क्रमाने करावे. आरंभी एका वहीत रोज किती पाणी घातले व गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद ठेवावी. जुने रेडिएटर काठोकाठ भरू नयेत. तापून फुगलेले पाणी नळीवाटे बाहेर पडते आणि ती गळती आहे असा भ्रम होतो. पाण्याची पातळी तोंडाच्या थोडी खाली एका जागी येऊन स्थिर राहत असेल, तर चिंतेचे कारण नाही.

रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहावे. मात्र डागाच्या नेमकी वरच गळती असेल असे धरून चालू नये. पाणी नळीच्या कडेने, बोल्टच्या डोक्यावरून ओघळत खाली येते, आणि चालत्या गाडीत पंख्याचा वारा ते मागे उडवतो. ओलावा ज्या सर्वांत उंच ठिकाणी दिसेल, तेथूनच तपास सुरू करावा. जुन्या गळतीच्या जागी पांढरी खार, तांबूस गंजाची रेघ किंवा कूलंटचा हिरवट थर आढळतो. संशयित सांधा पुसून कोरडा करावा व त्यावर खडूची पूड भुरभुरावी. पाझर सुरू होताच पूड भिजून रेघ उमटते.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. तेथून थेंब गळत असतील तर ती पंपाने दिलेली पूर्वसूचना समजावी. ते छिद्र मेण किंवा लांबी भरून कदापि बुजवू नये. इंजिन बंद असताना पंख्याचे पाते हलवून पाहावे. दांडा डुगडुगत असेल तर बेअरिंगही गेले आहे. पट्टा अतिशय ताणून बसवल्याने हे बेअरिंग लवकर झिजते.

बाहेर काहीच न दिसल्यास कारखान्यातील दाबाच्या हातपंपाने तपासणी करून घ्यावी. थंड इंजिनावर झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा, अधिक नव्हे. काटा हळूहळू उतरू लागला तर गळती निश्चित आहे. तेल पाहण्याची कांडी काढून तेल दुधाळ झाले आहे काय, धूर सतत पांढरा येतो काय, रेडिएटरात बुडबुडे उठतात काय, हेही पाहावे. यांपैकी एकही लक्षण असल्यास दोष बाहेरच्या लहान सांध्याचा नसून हेड गॅस्केटचा किंवा लायनरच्या कड्यांचा असण्याचा संभव आहे. अशी गाडी तशीच न चालवता जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी.

गाडी तापते पण पाणी घटत नाही, असे असेल तर रेडिएटरच्या जाळीकडे पाहावे. कापसाचे तंतू आणि मळणीचा भुसा जाळीत अडकून वारा अडवतात. ही जाळी मागून पुढे हलक्या पाण्याने धुवावी.

नवा सांधा बसविणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामास हात घालावा. तळाची तोटी उघडून पाणी स्वच्छ भांड्यात काढावे. बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत. त्यांची लांबी निराळी असते. म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावेत. उघड्या तोंडात स्वच्छ फडके बसवून जुनी गॅस्केट लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडावी. पोलादी पटाशीने हलक्या धातूवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांतूनच पुढे पाणी झिरपते. काम संपताच फडके आठवणीने काढावे.

कागदी गॅस्केट मूळच्या जाडीच्याच गॅस्केट कागदाची असावी. चिकट मलम लावणे झाल्यास ते अगदी पातळ लावावे. जाड थर आत ओघळतो, तुटतो आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. रबरी कडे घेताना आतील व्यास व कड्याची जाडी ही दोन्ही मापे जुळवावीत. जुने कडे चपटे झालेले असल्याने शक्य तेथे खोबणीचे माप घ्यावे. पाणी व कूलंट यांसाठी ईपीडीएम नावाचे रबर योग्य ठरते. त्याला इंजिन तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण तेलाने ते फुगून निकामी होते. बसविण्यापूर्वी त्याला कूलंटचा हात पुरेसा आहे. ट्यूबचे रबर कापून केलेले कडे काही दिवस टिकेल. मात्र ऐन वाटेत ते दगा देईल.

बोल्ट पुन्हा समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. लहान बोल्टला आखूड पाना वापरावा. पान्याला नळी जोडून जोर केल्यास बोल्ट तुटतो किंवा आटे जातात. कोअर प्लग आणि पंपाचे सील बदलण्यास योग्य मापाची हत्यारे लागतात. ती नसल्यास हे काम कारखान्यात करवून घेणेच शहाणपणाचे.

पाणी भरताना

पाणी सावकाश भरावे, इंजिन मंद गतीने चालू ठेवावे आणि आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेल्यावर पातळी पुरी करावी. स्वच्छ पाणी व कूलंट समभाग मिसळल्यास गंज आटोक्यात राहतो. बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी उत्तम. एक दिवस गाडी चालवून, ती थंड झाल्यावर सांधा पुन्हा तपासावा.

थर्मोस्टॅट काढून टाकल्याने गाडी थंड राहते, असा समज आहे. वस्तुतः त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही व लवकर झिजते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून जाते आणि ताप वाढतो. रेडिएटरात हळद टाकण्याचा उपाय गाव गाठण्यापुरता ठीक. तो कायमचा केल्यास नळ्या तुंबतात.

सावधगिरी

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेल्या वाफेने चेहरा व हात भाजतात. इंजिन बंद करून अर्धा तास तरी थांबावे, मग जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे आणि वाफ जाऊ द्यावी. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते. चालू इंजिनाजवळ धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर लोंबता ठेवू नये.

कूलंटविषयी प्रत्येक गोठ्यात माहिती असणे आवश्यक आहे. त्यातील एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. अंगणात सांडलेले किंवा घमेल्यात उघडे ठेवलेले कूलंट वासराने अथवा कुत्र्याने प्यायल्यास ते दगावू शकते. लहान मुलांनाही तितकाच धोका आहे. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरावे, सांडल्यास माती टाकून उचलावे, आणि विहीर, नाला किंवा शेताच्या चारीत मुळीच ओतू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एक दिवस योजून गावातील जुन्या गाड्या व ट्रॅक्टर एकत्र आणावेत आणि जाणत्या मिस्त्रीकडून पुठ्ठा, खडू व दाबपंप यांनी गळती शोधण्याचे प्रात्यक्षिक करवून घ्यावे. पाऊस सुरू झाल्यावर ना मिस्त्रीला सवड मिळते ना शेतकऱ्याला. ज्या गाडीच्या वहीत पाणी घातल्याची नोंद आठवड्यामागून आठवडे कोरी राहते, त्या गाडीवर मध्यरात्री रुग्णाला घेऊन निघताना भरवसा ठेवता येतो.