घरची मोटार कशी धुवावी, आणि कां ?

सुटीच्या दिवशीं सकाळीं शहरांतील कोणत्याही वसाहतींतून फेरफटका मारावा, म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कोणी नळीनें मोटारीवर पाण्याचा पाऊस पाडीत असतो, कोणी कोरड्या फडक्यानें तिची धूळ झाडीत असतो, आणि शेजारीं एखादा मुलगा बादली घेऊन वडिलांच्या हुकुमाची वाट पाहत उभा असतो. या मुलाच्या मनांत एक प्रश्न घोळत असतो, व तो आमच्यापाशीं वर्गांत कित्येकदां बोलूनही दाखविण्यांत आला आहे : "उद्यां पुन्हां धूळ बसणारच; मग आज धुवावयाची कशाला ?" प्रश्न आळसांतून निघाला असेल, पण तो टाकाऊ नाहीं. म्हणून त्याला धरूनच आम्ही प्रस्तुत विषयाचा विचार करणार आहों. मोटार कशी धुवावी, तिला चकाकी कशी आणावी, आणि मुख्य म्हणजे या खटाटोपास कांहीं अर्थ आहे कीं नाहीं, हें येथें पाहावयाचें आहे.

मोटारीचा रंग केवळ शोभेसाठीं असतो, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. मोटारीचें अंग बहुधा पोलादी पत्र्याचें असतें. लोखंडास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही एकाच वेळीं मिळालीं कीं गंज चढूं लागतो. त्यांत मीठ मिसळलें तर हें काम फारच झपाट्यानें होतें. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील मंडळींस हें निराळें सांगावयास नको. तेथील खारा वारा खिडकीचे गज, सायकल आणि मोटारीचा पत्रा या सर्वांस सारखाच खातो. रंग हें या पत्र्याचें पांघरूण आहे; तें फाटलें कीं पत्रा उघडा पडला.

मोटारीच्या आरंभीच्या काळांत तिला घोडागाडीप्रमाणें तेलाचा रंग व व्हार्निश हातानें देत असत, आणि एकेक पुट वाळवून पुढचें देण्यांत कित्येक आठवडे जात. १९२३ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीचा 'ड्युको' नांवाचा झटपट वाळणारा रंग ओकलंड मोटारींस देण्यांत आला, आणि तेव्हांपासून निरनिराळ्या रंगांच्या मोटारी कारखान्यांतून भराभर बाहेर पडूं लागल्या. आपल्याकडील रंगकामाच्या कारागिरांच्या तोंडीं 'ड्युको' हा शब्द अद्यापि आहे. आजच्या मोटारीवर मात्र एकावर एक असे अनेक थर असतात. पत्र्यास चिकटलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक लेप. हे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, किंवा त्याहून थोडी अधिक भरते. वरचा पारदर्शक लेप तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच असतो. डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. आपण ज्यास 'मोटारीची चकाकी' म्हणतों, ती या केसाहून पातळ अशा पदराची चकाकी होय. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

आतां धुळीचा स्वभाव पाहूं. रस्त्यावरील धुळींत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळू म्हणजे बहुतांशीं गारेचा दगड. खनिजांच्या काठिण्याचें जें १ ते १० असें माप आहे, त्यांत गारेचा क्रमांक ७ आहे. साधा चाकूही त्याहून मऊ ठरतो. तेव्हां धुळीनें माखलेल्या मोटारीवरून कोरडें फडकें फिरविणें म्हणजे तिला पॉलिश-कागदानें घासण्यासारखेंच आहे. फडक्याखालीं सांपडलेला प्रत्येक कण त्या पातळ लेपावर आपली रेघ ओढीत जातो. सावलींत हें दिसत नाहीं. परंतु उन्हांत काळ्या किंवा गडद रंगाच्या मोटारीकडे तिरपें पाहावें, म्हणजे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या हजारों वर्तुळाकार रेघा दिसतात. त्या रेघा धुळीनें केलेल्या नसतात. धूळ पुसणारानें केलेल्या असतात. मोटारीवर नुसती पडून राहिलेली धूळ तिचें फारसें नुकसान करीत नाहीं. घाईनें पुसलेली धूळ करते.

यावरून धुण्याची रीत निघते. मोटार सावलींत उभी करावी व पत्रा हातास थंड लागेपर्यंत थांबावें; तापलेल्या पत्र्यावर साबण व पाणी लगेच वाळून डाग पाडतात. प्रथम हात न लावतां नुसतें पाणी वरून खालीं सोडावें, म्हणजे सुटे कण वाहून जातील. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीच्या शाम्पूचें पाणी व दुसरींत साधें पाणी. मऊ, लवदार फडकें शाम्पूच्या पाण्यांत बुडवून छपरापासून आरंभ करावा व हळूहळू खालीं यावें, कारण सर्वांत जास्त माती खालच्या अंगास असते. एकेक भाग झाला कीं फडकें आधीं साध्या पाण्यांत खळबळून, पिळून, मगच पुन्हां शाम्पूंत बुडवावें. एकच बादली वापरली तर काढलेली वाळू आपण पुन्हां मोटारीवरच नेऊन घासतों. चाकांसाठीं वेगळें फडकें असावें व तीं शेवटीं धुवावीं. फडकें हातांतून जमिनीवर पडलें, तर तें नीट धुतल्यावांचून पुन्हां पत्र्यास लावूं नये. अखेरीस स्वच्छ पाणी ओतून कोरड्या मऊ फडक्यानें, न रगडतां, पाणी टिपून घ्यावें. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी जड असेल तर हें विशेष अगत्याचें आहे. तें पाणी आपोआप वाळलें, तर त्यांतील चुन्याचे पांढरे ठिपके मागें राहतात.

कपडे धुण्याची पूड किंवा सोडा मात्र कटाक्षानें टाळावा. आम्हीं स्वतः एकदां हा अपराध केला आहे. पक्ष्याची विष्ठा मोटारीच्या टपावर वाळून बसली होती. ती आम्हीं कपड्यांच्या पुडीनें व काथ्यानें घासून काढली, आणि विष्ठा गेली तरी त्या जागीं तळहाताएवढा निस्तेज पट्टा कायमचा राहिला. पक्ष्यांच्या विष्ठेंत आम्ल असतें. शिवाय उन्हानें मोटारीचा लेप तापून किंचित् मऊ होतो, वर वाळणारी विष्ठा आकसत जाते, व तिचा ठसा लेपावर उमटतो. म्हणून ती दिसतांच ओलें फडकें तीवर दहा मिनिटें ठेवून, भिजली म्हणजे अलगद उचलून घ्यावी. रविवारची वाट पाहूं नये.

धुण्याच्या पुढची पायरी म्हणजे हल्लीं ज्यास 'डीटेलिंग' म्हणतात ती. तींत दोन निरनिराळ्या क्रिया आहेत व लोक त्यांची गल्लत करितात. पॉलिशानें रेघा जातात त्या भरून येतात म्हणून नव्हे, तर आजूबाजूचा लेपच घासून रेघेच्या तळाशीं आणला जातो म्हणून. अर्थात् प्रत्येक पॉलिशागणिक तो पदर थोडा पातळ होतो. ही क्रिया क्वचित्‌च करावी. मेणाचें काम उलट आहे. तें कांहीं काढीत नाहीं, वर आणखी एक पातळ थर देतें; त्यामुळें पाणी थेंबाथेंबानें घसरून जातें व मळ सहज सुटतो. या कामीं नांवाजलेलें 'कार्नौबा' मेण ब्राझील देशाच्या ईशान्य भागांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतें. तें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत झिजून जातें व पुन्हां द्यावें लागतें. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां मेण दिलें, तर साध्या घरगुती मोटारीस तेवढें पुष्कळ झालें.

येथपर्यंत रीत झाली. आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं : याला महत्त्व आहे काय ?

आमचें उत्तर असें कीं, कांहीं भागास फार आहे, कांहींस थोडें आहे, आणि कांहींस मुळींच नाहीं. पुढची काच, आरसे, दिवे व नंबराची पाटी स्वच्छ असणें यास फार महत्त्व आहे. मळलेल्या काचेवर रात्रीं समोरील मोटारीचा उजेड पसरतो, आणि रस्ता ओलांडणारा मनुष्य त्या झगमगाटांत दिसेनासा होतो. येथें प्रश्न शोभेचा नसून प्राणांचा आहे. तसेंच चालकाच्या पायाखालचें. तेथें सुटी सतरंजी किंवा पाण्याची बाटली घसरून ब्रेकखालीं गेली, तर काय अनर्थ होईल हें सांगणें नको. शिवाय धुतांना मोटारीभोवतीं प्रदक्षिणा होते, व एरवीं न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. टायरांत रुतलेला खिळा दिसतो, फुटलेला दिवा दिसतो, खालीं पडलेला तेलाचा थेंब दिसतो. टायरांच्या खांचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, तर तो टायर कायद्यानेंही बाद ठरतो. चाकें धुतल्यावर ब्रेक ओले असतात; प्रथम सावकाश चालवून ते दोनचार वेळां हलके दाबून पाहावे, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

पत्र्याच्या रक्षणासाठीं धुण्यास मध्यम महत्त्व आहे. किनाऱ्यावर राहणारांनीं व पावसाळ्यांत चिखलांतून हिंडणारांनीं मोटारीचें पोट व चाकांवरील कमानी धुतल्या पाहिजेत, कारण गंज तेथूनच लागतो. मात्र तो भाग कोणास दिसत नसल्यामुळें बहुधा तोच राहून जातो ! आणि उन्हांत आरशासारखी चमकावी म्हणून जें दररोज धुणें चालतें, त्यास आमच्या मतें महत्त्व नाहीं. त्यानें रेघा वाढतात व पाणी जातें.

पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. १५ लिटरांची बादली नळीखालीं ठेवून ती किती वेळांत भरते हें घड्याळांत पाहावें. ती एका मिनिटांत भरत असेल, तर १० मिनिटें सोडलेली नळी १५० लिटर पाणी घालविते. वर सांगितलेली रीत बेतानें पाळली, तर तीन बादल्यांत, म्हणजे ४५ लिटरांत काम भागतें. राहिलेलें १०५ लिटर पाणी कोणाचें ? एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास पाणी मिरजेहून आगगाडीनें न्यावें लागलें, आणि पहिल्या गाडीनें सुमारें ५ लाख लिटर पाणी पोंचविलें. मार्च २०२४ मध्यें बंगळूर येथें टंचाईमुळें पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड ठेवण्यांत आला. अशा दिवसांत एका तांब्याच्या पाण्यांत काचा, दिवे व पाटी पुसावी, आणि बाकीची मोटार खुशाल मळकी ठेवावी. मळकी मोटार हें त्या दिवसांत लाजेचें चिन्ह नव्हे. धुण्याचें पाणीही शक्य तर मातींत जिरेल अशा जागीं सोडावें. गटारांतून तें बहुधा नाल्यास व नदीस मिळतें.

पालकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. शहरांत पुष्कळांच्या मोटारी पहांटे येणारा एखादा गरीब माणूस धुतो. सूर्य उगवण्यापूर्वीं त्याला वीसपंचवीस मोटारी उरकावयाच्या असतात, आणि त्याच्यापाशीं एक बादली व एकच फडकें असतें. पुढें उन्हांत त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या, कीं बोल त्याच्या माथीं येतो. परंतु आतां आपणांस माहीत आहे कीं, दोष त्याच्या हाताचा नसून त्या एका फडक्याचा आहे, आणि दुसरें फडकें देणें आपल्या हातीं आहे. त्यास दोन बादल्या, चार स्वच्छ फडकीं, पुरेसा वेळ व योग्य मोबदला द्यावा, आणि रोज पुसण्याऐवजीं आठवड्यांतून एकदांच नीट धुण्यास सांगावें. पैसे मात्र कापूं नयेत. आणि सुटीच्या दिवशीं आपल्या मुलाबरोबर स्वतः एकदां मोटार धुवावी. वाकून चाकाची कमान साफ केली, म्हणजे दुसऱ्याच्या कंबरेस काय पडतें हें मुलास पुस्तकावांचून समजतें.

शुभवर्तमानांत बाहेरून घासलेल्या व आंतून मळलेल्या प्याल्याचा दृष्टांत आहे. मोटारीसही तो लागू पडतो. टप चकचकीत आणि काच आंतून धुरकट, असें असूं नये; तसेंच मोटार लखलखीत आणि ती धुणारा उपाशी, असेंही असूं नये. उद्यां पुन्हां धूळ बसेल हें खरें. पण दांत उद्यां पुन्हां मळतात, पाटी उद्यां पुन्हां भरते, म्हणून आज आपण त्या तशाच ठेवीत नाहीं. कोणती धूळ आजच काढावयाची व कोणती उद्यांवर टाकावयाची, एवढा विवेक त्या बादली धरून उभ्या असलेल्या मुलास आला, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यास मिळालें, असें आम्ही समजूं.