फील्डचा क्रम आणि थरथरणारे चित्र

इंटरलेस्ड व्हिडिओची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते. एकात पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी (हे वरचे फील्ड), दुसऱ्यात सम (हे खालचे). ही दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, हा मुळातला गैरसमज. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 50 फील्ड; व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात दोन फील्डमध्ये 1/50 सेकंद गेलेला असतो. आधी कोणते दाखवायचे, हा प्रश्न त्यामुळेच येतो.

पालचा क्रम ठरलेलाच आहे, असेही अनेकजण धरून चालतात. क्रम ठरतो तो फॉरमॅटनुसार. डीव्ही टेपवर खालचे फील्ड आधी, 1080 ओळींच्या इंटरलेस्ड एचडीत वरचे. डीव्हीडीला दोन्ही चालतात. मिनी-डीव्हीवरच्या लग्नाच्या टेपची डीव्हीडी करताना गफलत होते ती इथेच.

हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले की क्रम उलटा पडला असे मानतात. तसे नव्हे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकत्र दिसतात, म्हणून क्रम बरोबर असला तरी दाते येतातच. उलट्या क्रमात 1, 2, 3, 4 ऐवजी 2, 1, 4, 3 असे क्षण दिसतात. चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो, भिंत मात्र शांत. थांबवलेल्या फ्रेमवरून यातले काहीच कळत नाही. फील्ड सुटी करून एकापाठोपाठ पाहावी लागतात.

डीइंटरलेस केले, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवल्या, की दोष जातो, ही समजूत सर्वांत महागात पडते. चुकीच्या क्रमाने प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम बनवली, तर थरथर नव्या फाइलमध्ये कायमची बसते. आधी सॉफ्टवेअरला खरा क्रम सांगावा, मग डीइंटरलेस करावे. फाइलमधली क्रमाची नोंदच चुकली असेल तर फक्त नोंद बदलावी. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला ‘सेटफील्ड’ फिल्टर तेवढेच करतो, चित्राला हात लावत नाही. क्रम खरोखर बदलायचा असेल तर ‘फील्डऑर्डर’ चित्र एक ओळ वर किंवा खाली सरकवतो. शेजारच्या ओळींची अदलाबदल हा उपाय नव्हे: हालचाल सुधारते, पण स्थिर तिरप्या कडा करवतीसारख्या होतात.

वरून विषम संख्येने ओळी कापल्या तरी क्रम उलटतो, पण तो दुरुस्त करता येतो. डीइंटरलेस न करता चित्राची उंची बदलली तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात. मग मूळ टेपकडेच परतावे लागते.