जुनी वस्ती ‘हेरिटेज’ कशी ठरते? खोताची वाडी, पारशी कॉलनी आणि शिवाजी पार्कचे उदाहरण काय सांगते?

इमारत ऐंशी वर्षांची झाली. गॅलरीला टेकू लागले, गच्ची गळू लागली. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आणि त्याच वेळी बातमी आली की आपला संपूर्ण परिसरच वारसा यादीत जाणार आहे. 2012 मध्ये मुंबई महापालिकेने नऊशेहून अधिक नव्या वास्तू आणि परिसरांची प्रस्तावित यादी जाहीर केली, तेव्हा दादर-शिवाजी पार्कमधील अनेक रहिवासी नेमक्या याच पेचात सापडले. एखादी राहती वस्ती ‘वारसा परिसर’ आहे, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते?

निर्णय कोण घेते?

मुंबईत वारसा नियमावली 1995 मध्ये लागू झाली. अशी नियमावली करणाऱ्या देशातील सुरुवातीच्या शहरांत मुंबईचा समावेश होतो. मुंबई वारसा संवर्धन समिती महापालिका आयुक्तांना सल्ला देते. यादीचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देते. म्हणजे प्रस्तावित यादीत नाव येणे आणि प्रत्यक्ष दर्जा मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वय हा एकमेव निकष आहे का?

नाही. नियमावलीत दहा निकष असून त्यांना इंग्रजी ‘ए’पासून ‘जे’पर्यंतची अक्षरे दिली आहेत. वस्तीसाठी त्यातले प्रामुख्याने हे महत्त्वाचे ठरतात:

• सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी नाते
• विशिष्ट वास्तुशैली किंवा जीवनपद्धती जपणारा इमारतींचा समूह
• वास्तुविकासाच्या साखळीतील असा दुवा, जो गेला तर साखळी तुटेल
• समूहाचा भाग म्हणून इमारतीचे मोल
• रस्त्याची रेषा, दृश्य, पाणवठ्याचा काठ
• वस्तीसोबतच आखलेली मोकळी जागा

म्हणून एखादे घर एकटे पाहिले तर साधे वाटले, तरी शेजारच्या दहा घरांबरोबर ते मोलाचे ठरू शकते. उलट, दीडशे वर्षे जुना एकच वाडा नव्या टॉवरांच्या गर्दीत उरला असेल, तर त्याला स्वतंत्र वारसा वास्तूचा दर्जा मिळू शकतो. मात्र त्याच्या आसपासचा परिसर वारसा ठरणे कठीण असते.

खोताची वाडी का महत्त्वाची?

गिरगावातील खोताच्या वाडीत शिरले की समूह म्हणजे काय ते लगेच कळते. उतरती कौलारू छपरे, लाकडी व्हरांडे, घराबाहेरून वर जाणारे जिने आणि दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या. पाठारे प्रभू असलेल्या खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली. पुढे गिरगावातील मराठी वस्तीही तिच्याशी एकरूप झाली. आता बंद झालेली अनंताश्रम खानावळ याच वाडीतली. ‘जीवनपद्धती’ हा निकष अशा ठिकाणी कागदावर राहत नाही.

पण याच वाडीची दुसरी बाजूही आहे. एकेकाळी येथे 65 घरे होती, असे सांगितले जाते. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. वारसा परिसर अशी ओळख असूनही घरे कमी होत गेली. प्रत्येक घराबरोबर समूहाचा दावाही थोडा कमकुवत होतो.

पारशी कॉलनीचे वेगळेपण काय?

1896 च्या प्लेगनंतर दाट वस्त्यांवर उपाय म्हणून 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा परिसर याच ट्रस्टच्या आखणीतून उभा राहिला. अभियंते मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांतून तेथे पारशी कॉलनी वसली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, कमी उंचीच्या इमारती आणि फाइव्ह गार्डन्स. येथे मोल आहे ते मुख्यतः आखणीचे. इमारती जागेवर ठेवून झाडे आणि मोकळ्या जागा काढल्या, तर वारसाच संपेल.

पाहणीत काय तपासतात?

मूल्यमापनाचा पाया म्हणजे घरनिहाय नोंद. बांधकामाचा काळ, साहित्य, मूळ जिने-खिडक्या-कठडे, नंतरचे बदल आणि सध्याचा वापर टिपला जातो. मग नकाशावर तीन गट दिसू लागतात: मूळ स्वरूपातील घरे, बदललेली पण ओळखू येणारी घरे आणि पूर्णपणे नवी बांधकामे. पहिले दोन गट सलग आणि बहुसंख्य असतील तर परिसराचा दावा भक्कम होतो. सीमा कोणत्या गल्लीपाशी थांबवायची हेही त्यातूनच ठरते. वादाचा मुद्दा बहुतेकदा हाच असतो.

मग रहिवासी विरोध का करतात?

शिवाजी पार्क परिसरातील आक्षेप इतिहासावर नव्हते, घराच्या भवितव्यावर होते. यादीतील वास्तूच्या दुरुस्तीला, बदलांना, अगदी रंगकामालाही परवानगी लागते. पुनर्विकासात उंचीवर बंधन आले, की विकासकाचा रस कमी होतो आणि मोठ्या घराची आशा मावळते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला लाकडी जिन्याची दुरुस्ती स्वखर्चाने करणे परवडत नाही. वारसा शहराचा आणि खर्च मात्र घरमालकाचा, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही.

दर्जा मिळाला की पुनर्विकास बंद होतो?

हा सर्वात मोठा गैरसमज. श्रेणी 1 मध्ये बंधने सर्वात कडक असतात. श्रेणी 2 मध्ये मर्यादित बदल करता येतात. श्रेणी 3 मध्ये आतले-बाहेरचे बदल, नवा वापर, वाढीव बांधकाम यांना सर्वसाधारणपणे मुभा असते. उंची आणि दर्शनी भाग परिसराशी सुसंगत हवा, ही मुख्य अट. इमारत धोकादायक असेल तर पुनर्बांधणीलाही परवानगी मिळू शकते. विकासाचा हक्क बुडाल्यास टीडीआरच्या रूपाने भरपाईची तरतूद आहे. मात्र प्रक्रिया किचकट असल्याने सामान्य सोसायटी त्या वाटेला सहज जात नाही.

रहिवासी सोबत असतील तर?

ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना 30 जून 2018 रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या समूहातील 94 इमारतींमध्ये आजही लोक राहत असलेल्या अनेक निवासी इमारती आहेत. त्या प्रयत्नांत वास्तुरचनाकारांबरोबर स्थानिक रहिवासी संघटनाही होत्या. अर्थात, दक्षिण मुंबईतील ही आर्थिक ताकद गिरगावच्या वाडीकडे नाही, हा फरक विसरता येत नाही.

तुमची वस्ती यादीत आली तर काय कराल?

• प्रस्तावित श्रेणी आणि सीमेचा नकाशा आधी पाहा.
• आपल्या इमारतीपुढे कोणत्या निकषाचे अक्षर आहे ते तपासा.
• जुने नकाशे, फोटो, बांधकामाची कागदपत्रे जमा करा. दर्जा हवा असो वा नको, पुरावा तोच लागतो.
• इमारत धोकादायक असल्यास संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवाल जोडा.
• हरकत किंवा पाठिंबा, जे असेल ते मुदतीत आणि लेखी द्या.

वस्ती ऐतिहासिक आहे का, याचे उत्तर पाहणीतून मिळू शकते. ती टिकेल का, हे मात्र दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार यावर ठरते. यादी करताना या दुसऱ्या प्रश्नाचाही विचार झाला, तर रहिवाशांचा विरोध बराचसा मावळू शकतो.