देवरायांवरील संशोधन आणि गावचा वाचक

पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातील भोर तालुका आणि आता राजगड या नावाने ओळखला जाणारा वेल्हे तालुका हा देवरायांचा प्रदेश होय. वाघजाई, जननी किंवा भैरवनाथ यांच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवू नये, काही ठिकाणी तर वाळलेले लाकूडही घरी नेऊ नये, असा दंडक ग्रामस्थांनी पिढ्यानुपिढ्या पाळला. डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील अशा रायांचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांचा एक निबंध १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, तर दुसरा १९७६ मध्ये 'इकॉनॉमिक बॉटनी' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये त्यांनी राज्यातील २३३ देवरायांची सूची दिली.

या संशोधनाला आधार होता तो गावकऱ्यांनी सांगितलेल्या माहितीचा. पण ते गावकऱ्यांना वाचावयास मिळते काय? पहिला निबंध आज 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संगणकीय ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य वाचता येतो. दुसरा मात्र प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सशुल्क आहे. संशोधकाचे वेतन बहुधा सरकारी तिजोरीतून होते, निबंध तपासणारे तज्ज्ञ सहसा मोबदला घेत नाहीत. तरी हक्क प्रकाशकाकडे जातात आणि तोच निबंध ग्रंथालयांना वर्गणी भरून घ्यावा लागतो. व्यवहार विचित्र खरा, पण जगभर तो असाच चालत आला.

आपल्या देशात त्यावर टप्प्याटप्प्याने उपाय झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या संशोधकांचे निबंध ठेवण्यासाठी खुले भांडार उघडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात असे प्रबंध विनामूल्य मिळतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या दोन विभागांनी २०१४ मध्ये, आपल्या अनुदानातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवावेत, असे धोरण स्वीकारले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार आहे. पूर्वी मोठ्या संस्थांपुरते असलेले साहित्य त्यामुळे लहान गावातील शासकीय महाविद्यालयातही पोहोचू शकते.

तथापि, वर्गणी आणि खुलेपणा यांत भेद आहे. या योजनेचा लाभ शासकीय उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना मिळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक किंवा वेल्ह्यातील सरपंच त्यात येत नाहीत. खुल्या भांडारातील निबंधाला मात्र वाचक कोण, हे विचारावे लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा भेद व्यवहाराचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अर्धशतकापूर्वी राईत कोणते वृक्ष व वेली होत्या, हे जुन्या निबंधावरून कळले तर आज काय उरले आहे ते ताडून पाहता येते. हे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. तेव्हा गावच्या शिक्षकाने त्यातील वनस्पतींची शास्त्रीय नावे उतरवून घ्यावीत आणि त्यांच्यासमोर स्थानिक नावे लिहिण्यासाठी राईची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे.